शेऱ्याचा रकाना

मध कुणी मधाच्या बाटलीत आणत नाही.
खोकल्याच्या औषधाची, सरबताची, एकदा तर देशीची चपटी,
लेबल नखानं खरवडलेलं, तरी संत्र्याची अर्धी फोड उरलेली.
आमच्याकडे सगळ्यांना एकच नाव: नमुना, आणि पुढे आकडा.

परभणीत, पाण्याची टाकी आणि सायकल स्टँड
यांच्या मधोमध माझी खोली.
वीस वर्षं गोडाचं मोजमाप करते आहे
आणि अजून बोट बुडवलेलं नाही.
नियम आहे. शिवाय मधुमेह.

किनवटचा येतो तो काळपट, मेणाचा चुरा तरंगणारा.
राख जास्त, खनिजं जास्त,
सागवानानं खडकातून जे ओढलं ते सगळं त्यात.
पाणी मात्र तेवीस टक्के, आणि मर्यादा वीसची.
कच्चं पोळं का काढता, म्हणून विचारलं
तर सोनेराव भुरके म्हणाला,
पिकायची वाट बघत बसलं की दुसराच कुणी नेतो, बाई.
हे लिहायला तक्त्यात जागा नाही.

लातूरकडचा सूर्यफुलाचा
दोन महिन्यांत थिजतो, रवाळ तुपासारखा,
आणि गिऱ्हाईक तणतणत येतं, साखर घातली म्हणून.
ग्लुकोज जास्त असलं की होतं असं, मी सांगते.
मान हलवतात. बाटली इथेच ठेवून जातात.

अंबाजोगाईचा शेवटी शेवटी कडू लागतो,
म्हणतात.

आणि सगळ्यांतच थोडं थोडं ते लांबलचक नावाचं द्रव्य,
आम्ही नुसतं एचएमएफ म्हणतो.
ताज्या मधात जवळजवळ नसतंच.
पत्र्याखाली ठेवा, वाढतं.
जिंतूरहून एसटीच्या बॉनेटवर आणा, वाढतं.
ऐंशीच्या वर गेलं की मध नापास.
मे महिन्यात वाटतं, मध राहिला बाजूला,
मी उन्हाचीच उजळणी घेते आहे
आणि ते दर वर्षी वरच्या वर्गात.

नमुना दोनशे बारा: वाजेद पटेल, सेलू.
वडिलांच्या ट्रंकेत सापडलेली बरणी,
झाकणाला चिकटपट्टी, तिच्यावर शाईनं साल: चौऱ्याण्णव.
"मॅडम, अस्सल हाय का, तेवढंच बघा."
रंग चहाच्या अर्काचा. एचएमएफ तीनशे चाळीस.
डायास्टेज शून्य, म्हणजे त्यातलं जिवंत काम
केव्हाच थांबलेलं.
अपात्र. दुसऱ्यांदा बघायचीही गरज नव्हती.
पण सवयीनं एक थेंब काचपट्टीवर घेतला होता.

करडई. मोठे, पिवळे, काटेरी कण.
मग जवस. मग कोथिंबिरीचे, तांदळाच्या कणीएवढेही नाहीत, बारीक, लांबट.
परत करडई, करडई, करडई,
भिंग सरकवीन तिकडे.
त्या शिवारातून माझी बस रोज येते;
रस्त्याला टेकेपर्यंत सोयाबीन, ते निघालं की हरभरा.
करडई मी शेवटची कुठे पाहिली
ते आठवेना.

त्याला बोलावलं. त्यानं आधी नको तो डोळा मिटला,
मग स्वतःच्याच पापण्या दिसल्या त्याला,
मग बराच वेळ काही बोलला नाही.
"हे काटे?"
करडईचे, म्हटलं.
त्यानं पाय मागे घेतला. खरंच घेतला, चपलेतला पाय,
आणि हसला. "काढणीला लई घुसायचे.
अब्बा सुई घेऊन बसायचे रातच्याला."

अहवालावर सही केली: अपात्र.
शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ मावते.
लिहिलं, खाण्यास योग्य नाही. परागकण मुबलक.
त्यानं दोनदा वाचलं, तीनशे रुपयांची पावती खिशात घातली.
उरलेला नमुना नष्ट करायचा असतो.
मी झाकण घट्ट लावून बरणी त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपासून टेबलावर
मुंग्यांची रांग,
थेट त्या काचपट्टीपर्यंत.
फडकं घेतलं होतं पुसायला.
मग म्हटलं, आधी चहा घेऊन येऊ.